जट वेगळी, बट वेगळी



जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या छायाचित्रात खांद्यावर रुळणाऱ्या दोरीसारख्या बटा आपण पाहिल्या असतील. वेस्ट इंडिजच्या काही क्रिकेटपटूंच्या डोक्यावरही त्या दिसतात. आता आपल्याकडची काही तरुण मुलंही तसे केस ठेवू लागली आहेत आणि घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. “इतकी वर्षं बायांच्या डोक्यावरच्या जटा उतरवल्या, आता पोरं हौसेनं जटा वाढवणार काय?” हा सवाल आम्हाला रास्त वाटतो. म्हणून आज त्याच विषयावर बोलू.

या बटांना ‘लॉक्स’ म्हणतात. ‘ड्रेडलॉक्स’ हे नावही प्रचारात आहे. पण ‘ड्रेड’ म्हणजे भय, म्हणून अनेक कृष्णवर्णीय लोक तो शब्द टाळतात. त्यांचे केस मुळातच स्प्रिंगसारखे बारीक वळणांचे असतात. माणसाच्या डोक्यावरून रोज पन्नास ते शंभर केस गळतात. आपण ते फणीनं काढून टाकतो. फणी फिरवली नाही, तर ते शेजारच्या केसांत अडकून राहतात आणि हळूहळू घट्ट बट तयार होते.

परंतु चांगल्या बटा आपोआप होत नाहीत, त्या बसवाव्या लागतात. केस दोन-तीन इंच वाढले की ते स्वच्छ धुऊन डोक्यावर सारख्या चौकटी पाडतात. जेवढी चौकट तेवढी बटेची जाडी, म्हणून हे काम घाईनं करून चालत नाही. मग एकेका चौकटीतले केस फणीच्या टोकानं गोल वळवतात, किंवा त्यांचे दोन पदर करून एकमेकांत पिळतात. त्या पक्क्या व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत केस फुगतात, विस्कटतात. तिथं धीर धरावा लागतो.

पुढची निगा तर आयुष्यभराची. आठवड्या-दोन आठवड्यांनी शाम्पूनं डोकं धुवायचं आणि फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घ्यायचं. बटा आतपर्यंत वाळल्याच पाहिजेत. ओल राहिली तर कुबट वास येतो. मेण किंवा चिकट मलम लावायचं नाही, ते आत साठून राहतं. चार ते सहा आठवड्यांनी मुळाशी वाढलेले नवे केस पुन्हा वळवायचे, पण ओढून नव्हे. सतत ताण बसला की केस मुळापासून जातात आणि टक्कल पडतं. रात्री झोपताना गुळगुळीत कापडाचा रुमाल बांधायचा. बटा म्हणजे अस्वच्छता, असं समजणाऱ्यांनी हे एवढं लक्षात घ्यावं.

एवढा खटाटोप कशासाठी? त्यामागं मोठा इतिहास आहे. १७८६ साली, न्यू ऑर्लिन्स स्पेनच्या ताब्यात असताना, तिथल्या गव्हर्नरनं स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा हुकूम काढला. २०१० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका कृष्णवर्णीय तरुणीला कंपनीत नोकरी मिळाली होती. ‘बटा काप, मगच कामावर ये’ असं तिला सांगण्यात आलं. तिनं नकार दिला आणि नोकरी गेली. प्रकरण न्यायालयात गेलं. केसांची ठेवण बदलता येते, वंश बदलता येत नाही, म्हणून हा वंशभेद नव्हे, असा निकाल २०१६ मध्ये अपील न्यायालयानं दिला. आमच्यासारख्या कचेरीत बसणाऱ्यांना यातला अर्थ लगेच कळतो. काम येतं की नाही ते नंतर, आधी माणूस ‘आपल्यातला’ दिसतो का ते पाहायचं! पुढं २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं अशा भेदभावाला बंदी करणारा कायदा केला आणि मग वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला.

आता आपल्याकडची जट पाहा. तेलकट केस, कोंडा, विंचरायची हयगय, यातून मुलीच्या केसांत गुंता होतो. लगेच कुणी सांगतं, यल्लम्माचं बोलावणं आलं. त्या दिवसापासून कात्री बंद, फणी बंद, वर हळद-कुंकू. जट वाढते, मान दुखते, उवा होतात, जखमा चिघळतात. कित्येक मुलींना याच निमित्तानं देवीला सोडण्यात आलं आणि त्यातल्या बहुतेक आपल्याच वस्त्यांतल्या होत्या. महाराष्ट्रानं २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, समजूत घालून जटा कापल्या. कुणाच्याही घरावर कोप झाला नाही.

म्हणजे दोन्हीकडे केस गुंतलेलेच. फरक एवढाच, की बट ठेवणारा ती स्वतः ठरवून ठेवतो, धुतो, वाटेल तेव्हा कापतो. जटेखालच्या बाईला मात्र कुणी विचारलेलंच नसतं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं, की ज्या लुगड्याच्या नेसणीवरून आणि दागिन्यांवरून अस्पृश्यपण ओळखू येतं, ती नेसण आणि ते दागिने टाकून द्या. आपल्या आया-आज्यांनी लादलेली खूण टाकली. तिकडच्या लोकांनी दुसऱ्यांनी नाकारलेली खूण मानानं मिरवली. दिशा उलट दिसते, पण माझ्या अंगावर काय असावं हे मी ठरवणार, हा निर्धार एकच.

तेव्हा माता-भगिनींनो, मुलानं बटा ठेवायच्या म्हटल्या तर रागावण्याआधी त्याला विचारा: धुशील का, पुरत्या वाळवशील का, मुळं ओढणार नाहीस ना? आपले केस सरळ, त्यामुळं त्याला कष्ट जास्त पडतील, हेही सांगा. आणि शेजारात एखादी बाई भीतीपोटी जट वागवत असेल, तर तिच्यापाशी बसा. तिच्याशी गोडीनं बोला. जखम असेल तर आधी दवाखान्यात न्या. ती हो म्हणाली, की मगच कात्री हातात घ्या.