पूर ओसरला, पण उतारा कोणाच्या नावावर?

ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात हजारो घरं पडली. पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारने ५ लाख जाहीर केले. केंद्राच्या निकषात तेव्हा ९५,१०० रुपयेच बसत होते. रक्कम मोठी होती, यात वाद नाही. घोडं अडलं ते कागदावर, आणि पुन्हा पूर आला तर तिथंच अडणार आहे.

खेड्यात घर आजोबांच्या नावावर असतं, राहतात तिघे भाऊ, चुली तीन. पंचायतीच्या नोंदीत मिळकत मात्र एकच. मदत एकाला की तिघांना? वारसा नोंद करायची तर मृत्यूचा दाखला, वंशावळ, सगळ्यांच्या सह्या. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलींचाही समान हक्क आहे, म्हणजे कोल्हापूर-सांगलीला दिलेल्या बहिणींच्या सह्याही आल्या. (त्यांची घरंही त्याच पाण्यात!) सही मागायला गेलं की वाटणीचा जुना वाद उकरून निघतो. भाडेकरूचं तर विचारूच नका. भांडीकुंडी वाहून गेली त्याची, घराचे पैसे मालकाचे.

त्यात पंचनामा कन्नडमध्ये. घर ‘ए’ गटात की ‘सी’ गटात, यावर २०१९ च्या पुरात ५ लाख की ५० हजार हे ठरत होतं, आणि मराठी माणूस न वाचताच सही करून मोकळा होतो. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो, असं घटनेचं कलम ३५० सांगतं. उत्तर त्याच भाषेत मिळेल, अशी हमी मात्र त्यात नाही. त्यामुळे मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडलेली बरी.

वारसाचा वाद दिवाणी कोर्टात जातो. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालच्या सरकारी कारवाईविरुद्ध मात्र तिथं दाद नाही. कलम ७१ मुळे ते दार बंद आहे, थेट उच्च न्यायालय, म्हणजे धारवाड खंडपीठ गाठावं लागतं. गरीब माणूस इथंच हात टेकतो. पण १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार पूरग्रस्ताला मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत साधा अर्ज द्यायचा. पंचनाम्याची नक्कल, पडलेल्या घराचे तारखेसह फोटो आणि आधीच्या अर्जाची पोच सोबत न्यावी. पोच न घेता अर्ज देऊन आलेल्याला पुढं काहीच सिद्ध करता येत नाही.