ओल्या दगडांचे सान्तियागो

परदेशप्रवासाला निघालेले ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची मुले माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. गोळ्या किती दिवसांच्या न्याव्यात, विमानात पाय सुजतील का, विमा कंपनीला कोणता दाखला लागेल. पावसाविषयी मात्र आजवर कोणी विचारलेले नाही. पाऊस आपल्याला नवा नाही, असे आपण धरून चालतो. परंतु आपल्या ओळखीच्या गल्लीतला पाऊस वेगळा आणि शतकानुशतकांच्या पायांनी झिजलेल्या दगडी पायऱ्यांवरचा पाऊस वेगळा. त्या दुसऱ्या पावसाविषयी आज लिहावयाचे आहे.

गेल्या ऑक्टोबरात मी, माझे यजमान आणि ७८ वर्षांच्या सासूबाई असे तिघे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या शहरात चार दिवस होतो. भाची तेथील विद्यापीठात शिकते, हे निमित्त. हे विद्यापीठ १४९५ पासूनचे. शहर त्याहून कितीतरी जुने. येशूच्या बारा शिष्यांपैकी सेंट जेम्स यांची समाधी येथे आहे, या श्रद्धेने मध्ययुगापासून युरोपभरचे यात्रेकरू पायी येथे येत आले आहेत. आजही पाठीवर पिशवी आणि तिला लटकवलेला शिंपला अशा वेषात ते रोज येतात. पावसात त्यांनी अंगावर ओढलेले प्लास्टिकचे झगे पाहून आषाढातील आपल्या वारकऱ्यांची इरली न आठवली तर नवल.

अटलांटिकवरून येणारे ढग या शहरावर मुक्तहस्ताने बरसतात. आमच्या चार दिवसांपैकी दोन दिवस पावसाचे होते आणि त्यांतला एक तर सकाळपासून रात्रीपर्यंत. सारे जुने शहर ग्रॅनाइटचे: रस्ते ग्रॅनाइटचे, भिंती ग्रॅनाइटच्या, पायऱ्याही त्याच्याच. भिजल्यावर हा दगड चमकू लागतो आणि शहर अतिशय देखणे दिसते. देखणे दिसते म्हणजेच निसरडे होते, हे डॉक्टरांच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

कॅथीड्रलच्या मागील बाजूस किंताना नावाचा चौक आहे. रुंद पायऱ्यांनी त्याचे दोन भाग केले आहेत. वरच्या भागाला जिवंतांची किंताना म्हणतात आणि खालच्या भागाला मृतांची, कारण तेथे पूर्वी दफनभूमी होती. आम्ही खालच्या भागात उभे होतो. पायऱ्यांकडे एकवार पाहून सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही वर जाऊन या. मी इथेच बसते.”

वाचकहो, हे वाक्य आपल्या घरातही आपण ऐकले असेल, किंवा स्वतः उच्चारले असेल. ऐकणारे त्याचा अर्थ ‘दमल्या आहेत’ असा लावतात. मग कोणी आग्रह करून ओढत नेतो, नाहीतर खरोखरच बसवून निघून जातो. दोन्ही वेळा कारण विचारायचे राहून जाते. माझ्या अनुभवात या वाक्यामागे थकवा असतो त्याहून अधिक वेळा भीती असते. पडण्याची भीती, आणि पडलो तर मुलांची सहल मोडेल याची त्याहून मोठी भीती. माणूस ती बोलून दाखवत नाही. हळूहळू जिने टाळतो, मग बाजार टाळतो, मग देऊळही. पाय वापरले नाहीत की मांडीचे स्नायू रोडावतात, आणि ज्या पडण्याला तो भीत होता ते आणखी जवळ येते.

मी विचारले, “आई, दम लागलाय का?” त्या म्हणाल्या, “दम कसला गं! वर जाईन मी. उतरताना पायरीची कड दिसत नाही.”

हे उत्तर फार मोलाचे होते, कारण त्याच्यावर उपाय होता. त्यांच्या डोळ्यांवर दुहेरी भिंगाचा चष्मा. या चष्म्याचा खालचा भाग हातभर अंतरावरचे वाचण्यासाठी असतो. पायरी उतरताना माणूस नेमका त्याच भागातून पाहतो, आणि पायरी तर डोळ्यांपासून चार-पाच फूट दूर असते. साहजिकच तिची कड धूसर दिसते. त्यात काचेवर पावसाचे थेंब, आणि भिजून एकाच करड्या रंगाच्या झालेल्या पायऱ्या. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणारे वृद्ध पायऱ्यांवर अधिक अडखळतात, हे अभ्यासांतूनही दिसून आले आहे. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्यांना लांबचे चष्म्यावाचून स्वच्छ दिसते. चष्मा काढून पिशवीत ठेवला, त्यांनी माझ्या यजमानांचा दंड धरला आणि आम्ही वर गेलो. ज्यांना लांबचाही नंबर आहे, त्यांनी बाहेर हिंडण्यासाठी केवळ लांबचा, साध्या भिंगाचा चष्मा करून घ्यावा. प्रवासाच्या खर्चात ही रक्कम नगण्य आहे.

पायऱ्यांविषयी आणखी थोडे. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय. हा नियम गुडघेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला पाठ असावा. सोबत्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. दंड त्यांनी आपला धरावयाचा, आपण त्यांचा नव्हे. आपण धरला की त्यांचा तोल आपल्या हाती जातो आणि अपमानही वाटतो. काठीच्या टोकाचे रबर निघण्यापूर्वी तपासावे. झिजून गुळगुळीत झालेले रबर ओल्या दगडावर काहीच उपयोगाचे नसते. राहिली छत्री. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात छत्री असली की कठड्यासाठी हात उरत नाही. काठीवाल्यांनी रेनकोट घालावा, डोक्यावर पुढे झडप असलेली टोपी घालून त्यावर हूड ओढावा, म्हणजे डोळ्यांवर पाणी येत नाही. छत्री सोबत्याने धरावी.

शहर बांधणाऱ्यांनी मात्र पावसाचा विचार केला होता, हे कौतुकाने सांगावयास हवे. रूआ दो विलार आणि रूआ नोवा या जुन्या रस्त्यांच्या कडेने दगडी खांबांवर तोललेल्या कमानी आहेत. घरांचे वरचे मजले त्यांवर पुढे आलेले असल्याने खाली छप्पर असलेली वाट तयार होते. त्या कमानींखालून, दुकाने पाहत, थांबत थांबत आपण कॅथीड्रलच्या दिशेने बऱ्याच अंतरापर्यंत जवळजवळ न भिजता जाऊ शकतो. ज्येष्ठांसोबत पावसाळी दिवस घालवायचा तर मला विचाराल तर हाच रस्ता, आणि दिवसभरात दोनच ठिकाणे. तिसरे ठिकाण यादीतून खोडून टाकावे.

आमचे पहिले ठिकाण कॅथीड्रल. बाहेरच्या उजेडातून आत येताच सासूबाईंना मी दाराशी दोन मिनिटे थांबवले. वयाबरोबर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अधिक वेळ लागतो आणि आतल्या गुळगुळीत फरशीवर शेकडो ओली पावले येऊन गेलेली असतात. आतील ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ ही शिल्पांकित कमान पाहण्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते. मास्टर मातेओ या शिल्पकाराचे हे काम. त्यावरील शिलालेखात ११८८ हे वर्ष आहे. दीर्घकाळ चाललेल्या संवर्धनानंतर २०१८ मध्ये ते पुन्हा खुले झाले आणि दगडावरील जुने रंग आता दिसतात. प्रेषितांच्या गंभीर मूर्तींत डॅनियल मात्र चक्क हसतो आहे. मधल्या खांबावर पाच बोटांचे खळगे पडलेले आहेत. दूरवरून चालत आलेल्या यात्रेकरूंनी पिढ्यानपिढ्या तेथे हात टेकला, त्याची ही झीज. आता स्पर्शाला मनाई आहे. सासूबाई त्या खळग्यांकडे बराच वेळ पाहत होत्या.

छताला टांगून झुलवला जाणारा प्रचंड धूपदान ‘बोताफुमेइरो’ पाहण्याची अनेकांची इच्छा असते. त्याचे वजन सुमारे ५३ किलो आहे आणि आठ माणसे दोर ओढून तो झुलवतात. तो रोज झुलवला जात नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी तो दिवस साधला, तर जरा लांबच बसावे आणि इनहेलर खिशात ठेवावा. प्रार्थनेला तासभर बसून झाल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उठताच घेरी येऊ शकते. आधी पाय हलवावेत, मग बाक धरून उभे राहावे.

दुसरे ठिकाण समोरच्या ओब्रादोइरो चौकातील जुने इस्पितळ. माझा जीव अर्थातच तेथे अधिक रमला. राजा फर्नांडो आणि राणी इसाबेल १४८६ मध्ये येथे आले होते. आजारी आणि थकलेल्या यात्रेकरूंसाठी त्यांनी पुढे हे रुग्णालय बांधवले. एन्रिके एगास या वास्तुविशारदाची रचना क्रुसाच्या आकाराची आहे. मध्यभागी प्रार्थनामंदिर आणि भोवती चार अंगणे. चालून चालून पायांना फोड आलेली, तापाने फणफणलेली माणसे याच दारातून आत नेली जात असतील. १९५४ पासून तेथे हॉटेल आहे. आम्ही आत बसून कॉफी घेतली आणि तेथील स्वच्छतागृह वापरले.

स्वच्छतागृहाचा उल्लेख मुद्दाम केला. सहलीला निघालेले वृद्ध सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवीची गोळी परस्पर गाळतात, हे मी कित्येकदा पाहिले आहे. थंडीत तहानही लागत नाही. परिणामी दुपारी चक्कर, गोंधळलेपण, आणि पुन्हा पडण्याची शक्यता. गोळी गाळू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. दर दीड-दोन तासांनी एखाद्या कॅफेत बसावे. एका कॉफीच्या किमतीत कोरडी खुर्ची, ऊब आणि स्वच्छतागृह मिळते.

मधुमेहींसाठी स्पेनमध्ये एक वेगळाच धोका आहे, तो जेवणाच्या वेळांचा. दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊनंतर. मध्यंतरी अनेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर बंद असते. सकाळी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही विशिष्ट प्रकारची गोळी घेऊन बारा वाजता जेवणारा माणूस येथे अडचणीत येतो. घाम, थरथर, चिडचिड ही साखर उतरल्याची लक्षणे पावसात ‘थंडी वाजते आहे’ म्हणून सोडून दिली जातात. खिशात बिस्किटे आणि ग्लुकोज हवेच. गरम ‘काल्दो गाल्येगो’ हे पालेभाजी, बटाटे आणि पांढऱ्या घेवड्याचे सूप पोटाला छान वाटते, पण त्यात बहुधा डुकराचे मांस किंवा चरबी असते. शाकाहारींनी विचारून घ्यावे. बदामाचा ‘तार्ता दे सान्तियागो’ आम्ही तिघांत एक घेतला. सासूबाईंनी त्यातला अर्धा खाल्ला, हे येथे नोंदवते.

इतके करूनही कोणी पडले तर? घाईने उचलू नये. लाज वाटून माणूस स्वतःच उठू पाहतो, त्यालाही थांबवावे. जांघेत दुखत असेल, पाय बाहेर वळलेला किंवा आखूड दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडले असे समजून उभे करू नये, पांघरूण घालून ११२ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक युरोपीय संघात सर्वत्र चालतो. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर जखम दिसो वा न दिसो, रुग्णालयात जावे. म्हणून गोळ्यांची मूळ औषधी नावे लिहिलेली चिठ्ठी ज्येष्ठांच्या स्वतःच्या खिशात असावी, मुलाच्या मोबाइलमध्ये नव्हे.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर ओले मोजे लगेच काढावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि मधुमेहींचे तळवे सोबत्याने दिव्याखाली नीट पाहावेत. बधिर पायाला फोड कळत नाही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवावेत. सकाळपर्यंत ते बऱ्यापैकी वाळतात. न वाळल्यास दुसरा जोड घालावा, आणि तो घरी महिनाभर वापरलेला असावा.