समोरची भिंत, मागचा टेकू



गेल्या डिसेंबरात आम्ही चौघा मित्रांनी सोलापूरहून हैदराबादची एक दिवसाची सहल केली. चौघांत एक गवंडी, एक यंत्रमाग कामगार, एक रिक्षाचालक आणि चौथे कारकुनी करणारे आम्ही. "एकदा रामोजी बघायचं" असे वीस वर्षे म्हणत होतो. पण कधी कुणाच्या मुलीचे लग्न निघे, कधी माग बंद पडत. शेवटी वर्षभर महिन्याला तीनशे रुपये प्रत्येकाने बाजूला टाकले आणि रात्रीची एसटी धरली.

रामोजी फिल्म सिटी हैदराबाद शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, विजयवाड्याच्या रस्त्याला आहे. पुण्याहून निघून आपल्या सोलापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ तो हाच. रामोजी राव यांनी १९९६ साली ही नगरी वसवली. ते २०२४ च्या जूनमध्ये वारले. पसारा १,६६६ एकरांचा. जगातील सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. तिकिटाला गवंड्याची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी गेली. खिडकीपाशी क्षणभर चौघेही गप्प झालो, पण आता माघार कसली?

आत लाल रंगाच्या उघड्या बसमधून फिरवतात. विमानतळ, रेल्वे स्टेशन, तुरुंग, राजवाडे, बागा सगळे एकामागून एक येते. गाईड तेलुगूत विनोद करी तेव्हा आमचे यंत्रमागवाले आधी हसत आणि मग आम्हाला अर्थ सांगत. सोलापुरात पद्मशाली कामगारांच्या शेजारी तीस वर्षे माग चालवल्याचा हा फायदा!

एका दालनात प्रेक्षकांतल्याच एका मुलीला टांग्यात बसवले. टांगा जागचा हलला नाही, पण पडद्यावर तो रान तुडवीत धावताना दिसला. टापांचा आवाज काढणारी माणसे आमच्यासमोरच बसली होती. टाळ्या पडल्या. एवढ्या वर्षांच्या सिनेमात आपण किती वेळा असे फसलो, याचेच हसू आले.

पुढे 'बाहुबली'चा सेट लागला. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या त्या दोन चित्रपटांचे कलादिग्दर्शक साबू सिरिल. भव्य काम! लोक फोटो काढत होते. आमचे गवंडीमित्र मात्र जवळच्या एका दगडी भिंतीपाशी गेले, बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "पोकळ हाय. वरनं प्लास्टर, आणि रंगाऱ्यानं त्याचा दगड केलाय." मग वळसा घालून आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे ना राजवाडा, ना दगड. नुसते बांबू, फळ्या आणि लोखंडी पाइपांचे टेकू. "बघा, समोरचं समदं ह्याच्यावर उभं हाय. फोटो मात्र कुणी ह्याचा काढत नाही."

सुतार, साचेकार, रंगारी यांची नावे सिनेमाच्या शेवटी येतात आणि तोवर आपण चपला शोधत उठलेले असतो. त्या दिवशी आम्हाला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी शहर बस आणि मेट्रोने हुसेनसागर गाठले. काठावर बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा आहे. १४ एप्रिल २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले. घडवणारे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे. चौघांनी अभिवादन केले. तलावाच्या मधोमध दिव्यांच्या उजेडात भगवान बुद्धांची अखंड पाषाणातली सुमारे ५८ फुटांची मूर्ती उभी होती. ती घडवून घेतली सिनेमाचे नायक असलेले मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी. १० मार्च १९९० रोजी तराफ्यावरून नेताना मूर्ती पाण्यात कोसळली. तिच्यासोबत कामावरची माणसेही बुडाली. मूर्ती दोन वर्षांहून अधिक काळ तळाशी राहिली आणि डिसेंबर १९९२ मध्ये जागेवर उभी झाली. होडीतून जाताना आम्ही त्या बुडालेल्या माणसांसाठी दोन मिनिटे शांत बसलो.

काठावर परतलो तेव्हा साडेआठ झाले होते. परतीची एसटी साडेअकराची. रिक्षावाले म्हणाले, "आता खरी मौज. जुबिली हिल्सकडं लई झगमगाट असतोय म्हणं. तिथं न्हाई परवडलं तर हितंच कुठंतरी बसू. नुसती बिअर रे!" खोटे कशाला सांगू, आम्हीही मान डोलावली होती.

गवंडीमित्र बोलेनात. त्यांनी दारू सोडली त्याला तीन वर्षे झाली. त्याआधीची दहा वर्षे आम्ही पाहिलेली आहेत. चार घरची भांडी घासून मुलांची फी भरणारी त्यांची कारभारीणही आम्ही पाहिलेली आहे. तरीही मान डोलावली!

थोड्या वेळाने ते म्हणाले, "सकाळी टेकू बघितले न्हवं? माझ्या घराला मागनं तसाच टेकू हाय, तो म्हंजे माझी मंडळी. मी नुसती समोरची भिंत. मला पाडायला एक ग्लास पुरतोय. तुम्ही जावा, मी स्टँडवर बसतो."

कुणी हलले नाही. पंचशील आम्हाला पाठ आहे. त्यातले पाचवे शील त्या रात्री कळले. शेवटी रिक्षावालेच म्हणाले, "चुकलो गड्या. चल, चहा पाज."

मग आमची रात्र झाली ती चारमिनारच्या पायथ्याशी. १५९१ सालची ती वास्तू उजेडात न्हाली होती. इराणी चहा, उस्मानिया बिस्किटे, अत्तराचा वास, माणसांची दाटी. लाड बाजारात कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून बांगडी वळवत होता आणि एकेक खडा हाताने बसवत होता. गवंडीमित्रांनी त्याचे हात बराच वेळ न्याहाळले, मग भाव न करता एक जोड घेतला. पाठोपाठ आम्हीही घेतले. एवढे हसलो की एसटी चुकायची बाकी होती!

वाचकहो, सुट्टी कष्टकऱ्याचा हक्क आहे. मौज जरूर करा. पण सोबतच्याला काय झेपेल ते विचारून करा. एकाला खाली ओढणारी मौज चौघांची नसते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बांगड्या भरल्या, हात उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "छान हायत. पण पुढच्या बारीला बांगड्या नकोत, मलाच न्या."

त्यांचे खरे आहे. टेकू घरी ठेवून आम्ही चौघे पुरुषच सहलीला गेलो होतो. या महिन्यापासून डब्यात पुन्हा पैसे पडू लागले आहेत. या वेळी तिकिटे आठ काढायची आहेत.

जयभीम!