उपाहारगृहाचा गल्ला आणि दोन घटिकांची साधना

आपल्या व्यापारी बंधूंपैकी ज्यांनी उपाहारगृहाचा व्यवसाय पत्करला आहे, त्यांच्या तोंडून अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकू येते : “आम्हांला योगसाधनेला वेळ कोठला? आमची भट्टी हीच आमची साधना.” वाक्य ऐकण्यास गोड आहे. परंतु ते खरे आहे काय, याचा विचार संघाच्या स्मरणिकेतून एकदा मोकळेपणाने व्हावा, असे आम्हांस वाटते. घाऊक धान्याच्या व्यापारामुळे या बंधूंशी आमचा संबंध रोजचा आहे. रवा, उडीदडाळ, चणाडाळ, तांदूळ यांची पोती आमच्या दुकानातून त्यांच्या कोठारात जातात. त्यामुळे त्यांची ओढाताण आम्हांस परकी नाही.

बेळगावच्या बाजारपेठेत पहाटे चार वाजता ज्या दुकानांत दिवा दिसतो, त्यांत उपाहारगृह पहिले असते. दूध येते, पीठ तपासावे लागते, सांबाराला फोडणी पडते. सहापासून न्याहारीचे गिऱ्हाईक, बारापासून जेवणाचे, पाचपासून चहा-फराळाचे आणि सातनंतर पुन्हा जेवणाचे. हल्ली त्यात मोबाईलवरून येणाऱ्या मागण्यांची भर पडली आहे. गल्ला मिटवून मालक घरी पोहोचतो तेव्हा अकरा वाजलेले असतात. अशा मनुष्यास ‘पहाटे उठून आसने व ध्यान करा’ असा उपदेश करणे म्हणजे भुकेल्यास पंचांग वाचून दाखविण्यासारखे आहे. म्हणून आम्ही तो उपदेश करणार नाही.

तथापि ‘भट्टी हीच साधना’ हेही आम्हांस मान्य नाही. ‘योग’ या शब्दाचे आपल्या शास्त्रात दोन अर्थ आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात मन, वचन व काया यांच्या क्रियेला योग म्हटले आहे आणि तोच कर्माच्या आस्रवाचे द्वार सांगितला आहे. या अर्थाने उपाहारगृहचालक पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत अखंड ‘योग’च करीत असतो! पण ज्याला आवर घालावयाचा तो हा योग; आवर घालणारा योग निराळा. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी चौलुक्य राजा कुमारपालासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्यात सम्यग्ज्ञान, सम्यग्दर्शन व सम्यक्चारित्र यांनाच योग म्हटले आहे. विशेष असे की, गृहस्थाच्या गुणांची गणना करताना आचार्यांनी अग्रस्थान दिले ते न्यायाने मिळविलेल्या संपत्तीला. म्हणजे योगाचा आरंभ चटईवर नव्हे, गल्ल्यावर होतो. 2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो, याचा आम्हांस आनंदच आहे. पण वर्षातून एक दिवस मैदानावर अंथरलेली चटई उरलेल्या दिवसांचा हिशेब चुकता करीत नाही.

आपल्या घराण्यांतून चालत आलेली योगसाधना म्हणजे सामायिक. तिची मर्यादा दोन घटिका, अर्थात 48 मिनिटे. अहोरात्रीचे तीस मुहूर्त, त्यांतील हा एक. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर दिवसाच्या भांडवलातून शेकडा साडेतीन टक्क्यांहूनही कमी. एवढी रक्कम आपण हमाली, तोलाई आणि दलालीत कुरकुर न करता देतो. ती स्वतःच्या आत्म्याच्या खाती जमा करावयाची म्हटली की मात्र आपणांस वहीत जागा सापडत नाही!

काही वडीलधारे म्हणतात, अन्नाचा हा व्यवसायच अग्नी व पाणी यांच्या आरंभाने भरलेला. तेथे साधना कशी टिकणार? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी अशा हिंसेच्या चार प्रकारांपैकी गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा सोडावी आणि बाकीचीत विवेक ठेवावा, असेच आपले शास्त्र सांगते. धान्याच्या गोदामात कीड लागू नये म्हणून औषधाची धुरी द्यावी लागते. ती देणाऱ्या पेढीने भट्टी पेटविणाऱ्या दुकानाकडे बोट दाखविणे शोभत नाही. शिवाय अन्न देणाऱ्या दुकानाची थोरवी आपल्या वाङ्मयातच नोंदलेली आहे. आग्र्याचे व्यापारी व अध्यात्मकवी बनारसीदास यांनी 1641 मध्ये ‘अर्धकथानक’ लिहिले. व्यापारात बसलेली ठोकर आणि हाती पैसा नसताना एका कचोरीवाल्याने कित्येक महिने उधारीवर खाऊ घातल्याची हकीकत त्यांनी त्यात सांगितली आहे. त्या कचोरीवाल्याची समता आजच्या गल्ल्यावर दिसली, तर आम्ही तिला नमस्कारच करू.

व्यापार व साधना यांची सांगड घालणाऱ्या पुरुषांत श्रीमद् राजचंद्रांचे (1867–1901) नाव सर्वांच्या मुखी असते. मुंबईत जवाहिराच्या पेढीवर बसणाऱ्या या गृहस्थाची महात्मा गांधींशी 1891 मध्ये गाठ पडली. मोठमोठे सौदे उरकताच ते धर्मग्रंथ वा आपली वही उघडीत, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. हा दाखला आदरणीय आहे. पण उपाहारगृहचालकास तो जसाच्या तसा लागू पडत नाही. हिऱ्याचे गिऱ्हाईक थांबते, भूक थांबत नाही. ‘सवड मिळेल तेव्हा बसेन’ म्हणणाऱ्या उपाहारगृहचालकास सवड कधीच मिळत नाही. त्याची वेळ घड्याळानेच बांधली पाहिजे.

ती वेळ कोणती? आमच्या मते दुपारी साडेतीन ते साडेचार. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, चहाची सुरू व्हावयाची असते. या तासात टेबले बहुधा रिकामीच असतात आणि मालक गल्ल्यावर पेंगत तरी असतो किंवा मोबाईल चाळीत तरी. सामायिक पहाटेच झाले पाहिजे असे नाही. दुपारीही ते करण्याची आपली परंपरा आहे. पाठीचा कणा दिवसभर उभे राहून आखडलेला असतो. दहा मिनिटे साधी आसने करून मग 48 मिनिटे स्थिर बसल्यास शरीर व चित्त दोहोंचे काम होते. तत्त्वार्थसूत्रात सामायिकाचे पाच अतिचार सांगितले आहेत : मन, वचन व काया यांचे भलतीकडे वळणे, अनादर आणि विस्मरण. गल्ल्याची किल्ली कमरेला आणि कान स्वयंपाकघराकडे ठेवून बसलेल्या मनुष्याकडून हे पाचही घडतात. म्हणून त्या तासापुरते दार बंद ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दार बंद ठेवण्याचे याहून मोठे कारण दुसरे आहे. मालक आत डोळे मिटून बसला आहे आणि आचारी, भांडी घासणारी बाई व वाढपी पोरगा पहाटेपासून उभेच आहेत, अशी समता आम्हांस समजत नाही. तो तास त्यांनाही पाठ टेकण्यास मिळाला पाहिजे आणि त्याचा पगार कापला जाता कामा नये. मालकाच्या साधनेची पहिली साक्ष त्याच्या नोकरांच्या चेहऱ्यावर उमटावी. दुसरी साक्ष कढईत. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण 25 टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये, असा नियम 2018 पासून देशभर लागू आहे. सामायिकातून उठलेला मालक काळे पडलेले तेल संध्याकाळच्या भज्यांसाठी पुन्हा तापवीत असेल, तर त्याच्या 48 मिनिटांची किंमत शून्य होय. भेसळ व खोटे माप यांना आपल्या शास्त्राने अचौर्यव्रताच्या अतिचारांत घातले आहे, हे विसरू नये. तिसरी साक्ष त्याच्या स्वतःच्या ताटात : गिऱ्हाइकांनी केव्हा जेवावे हे त्याच्या हाती नसेल, पण स्वतः सूर्यास्तापूर्वी जेवणे त्याच्या हाती आहे.

“एक तास दार लावले तर गिऱ्हाईक तुटेल,” अशी भीती बोलून दाखविली जाते. पुण्यातील जुन्या दुकानांची दुपारची विश्रांती थट्टेचा विषय झाली खरी, पण त्या विश्रांतीने ती दुकाने बुडाली नाहीत. तरीही एकट्याने दार लावले तर शेजारच्या दुकानाचा फायदा होणार, ही अडचण आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही, तो संघाचा आहे. आमची सूचना अशी : येत्या चातुर्मासाचे चार महिने संघाच्या सर्व उपाहारगृहचालक सभासदांनी दुपारी साडेतीन ते साडेचार दार बंद ठेवावे. आम्हां धान्य व किराणा व्यापाऱ्यांनी त्या तासात त्यांच्याकडे माल उतरवू नये, वसुलीस माणूस पाठवू नये, दूरध्वनीही करू नये. चार महिन्यांनी ज्याने त्याने आपली वही तपासावी. तूट आली असेल, तर ती किती हे सभेपुढे आकड्यांनी मांडावे आणि पुढचा निर्णय त्यावरून घ्यावा.

आपल्या किल्ल्यातील कमल बस्ती इ. स. 1204 मध्ये बिचिराज नावाच्या मंत्र्याने उभारली. राज्याचा व्याप सांभाळणाऱ्यास जिनालय उभारण्यास सवड मिळाली. आपणांस तर केवळ आठचाळीस मिनिटे बसावयाचे आहे. पोटाची भूक शमविणारा हा व्यवसाय पुण्याचा आहे, पण ज्याचे स्वतःचे चित्त दिवसभर भुकेले राहते, तो दुसऱ्यास तृप्ती फार दिवस वाढू शकत नाही. वार्षिक सभेत हा ठराव यावा आणि त्यास पहिले अनुमोदन आमच्या धान्यपेठेतून मिळावे, अशी आमची विनंती आहे.

जय जिनेन्द्र.