तुकारामाचा कोळी

आमच्या खिडकीच्या चौकटीवर एक चिमुकला कोळी वावरतो. जाळ्यात भक्ष्य अडकण्याची वाट पाहत नाही. दबा धरतो, माशीवर झेप घेतो आणि आपण वाकून पाहिले की सरळ आपल्याकडे तोंड वळवतो. अशाच उड्या मारणाऱ्या, ठाण्यात सापडलेल्या एका कोळ्याचे नाव ‘आयसिअस तुकारामी’ आहे, हे वाचले तेव्हा मला भरून आले.

तुकाराम म्हटले की आपल्याला आधी देहू आठवते. हे तुकाराम साताऱ्याकडच्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी मुंबईवरच्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब याच्या बंदुकीची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत हाती लागला. २०२१ मध्ये कोळ्यांचे अभ्यासक ध्रुव प्रजापती आणि सहकाऱ्यांनी ठाण्याच्या त्या नव्या कोळ्याला ओंबळे यांचे नाव दिले. शेवटची ती ‘ई’ लॅटिनमधली षष्ठी, म्हणजे आपला ‘चा’. तुकारामाचा.

नाव सुचणे सोपे. ते टिकवायला फार खपावे लागते. जननेंद्रियांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, रेखाटायची, जगभरातल्या भाऊबंदांशी ताडायची. एक नमुना कायमचा जपायचा आणि सगळे वर्णन छापायचे. हाच कोळी पूर्वी कुणी नोंदवल्याचे निघाले, तर मान जुन्या नावाचा. प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. कोळ्यांचा मात्र त्याच्याही आधीच्या, स्वीडनच्याच कार्ल क्लेर्क यांच्या १७५७ च्या पुस्तकापासून.

सचिन तेंडुलकरच्या नावाचाही कोळी आहे. कर्नाटकातल्या एकाचा आकार हॅरी पॉटरमधल्या जादूच्या टोपीसारखा, म्हणून त्याला त्या टोपीच्या मूळ मालकाचे, ग्रिफिंडरचे नाव मिळाले. मला ही नावेही आवडतात. जीव अडकतो तो मात्र ठाण्याच्या कोळ्यात.

नावातला पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. उद्या अभ्यासकांनी ठरवले की हा कोळी आयसिअस घराण्यातला नव्हेच, तर पहिला शब्द बदलेल. ‘तुकारामी’ मात्र त्याच्यासोबत नव्या घरी जाईल.