किनारी पाण्याचे संरक्षण आणि नंदुरबार जिल्हा
नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. परंतु जिल्ह्यातून वाहणारी तापी पुढे उकाई जलाशयातून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. किनारपट्टी नियमन क्षेत्राची (सीआरझेड) अधिसूचना नदीच्या बाबतीत, वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत ५ भाग असते तिथपर्यंतच लागू होते. त्यामुळे प्रकाशा किंवा सारंगखेडा येथील नदीकाठचे बांधकाम तिच्या कक्षेत येत नाही. किनारी जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीवर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाचे किमान ३ प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी यांसारख्या अनुसूचित तालुक्यांत १९९६ च्या पेसा कायद्यान्वये भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. ही संमती नव्हे, आणि नदीच्या मुखाशी असलेल्या मच्छीमारांना तीत स्थानही नाही.