तंबूत सहावी जागा

वाचकहो, या सदरातून वर्षभर मी आपणांशी काटकसर, पाहुणे आणि मुलांच्या परीक्षा यांविषयी बोलत आलो. दिवाळीच्या अंकात मात्र सहलीची हकिकत सांगणार आहे. सहल अजून व्हायची आहे. पण सहलीपेक्षा सहलीचा बेतच जास्त रंगतो, हा अनुभव आपल्याही घरचा असेलच.

आमच्या ताईचे सासर भिवंडीजवळच्या दापोड्याचे. ती लग्न होऊन तेथे गेली तेव्हा ओट्यावर बसले की भातशेते दिसत. आता गोदामे दिसतात. रात्रभर मालमोटारींची ये-जा चालते आणि दिव्यांचा उजेड असा, की अंगणात पडलेली सुई सापडावी. यंदा गणपतीत आम्ही सारे जमलो असताना ताईचा आठ वर्षांचा नातू पुस्तक घेऊन अंगणात गेला आणि थोड्याच वेळात हिरमुसून परत आला. पुस्तकात नक्षत्रे भरपूर होती. आकाशात मोजून चार तारे!

“आजोबा, बाकीचे कुठे गेले?”

दाजींनी एकवार गोदामांकडे पाहिले आणि म्हणाले, “आहेत रे तिथंच. दिवे फार झालेत.”

एवढ्यावरून भाच्याने जाहीर केले, की दिवाळीनंतर रानात, तळ्याकाठी एक रात्र काढायची. झाले! आरतीची ताटे बाजूला राहिली आणि सभा भरली.

प्रथम नाव निघाले तानशाचे. १८९२ साली बांधून झालेल्या त्या तलावाचे पाणी याच भिवंडी तालुक्यातून मोठाल्या नळांनी मुंबईला जाते. रानही उत्तम, आणि घरापासून जवळ. पण लाखो लोकांच्या पिण्याचे पाणी आणि भोवती अभयारण्य. तेथे आपण चूल मांडणे शोभायचे नाही. मग भाच्याने चाकांवरच्या घराची कल्पना काढली. आत बिछाने, शेगडी, मोरी, सगळे काही. आपल्या सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांसाठी धोरण जाहीर केले आहे. दाजी हसून म्हणाले, “आमच्याकडं होती की! फक्त बैल जुंपायचे.” चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला बैलगाडी निघायची. गाडीत शिधा, घोंगड्या, तवा आणि पोरे. नदीकाठी गाडी सोडायची, तीन दगडांची चूल मांडायची, गरम कुंडात आंघोळ करायची आणि रात्री गाडीखालीच ताणून द्यायची. भाडे शून्य!

अखेर ठरले ते भंडारदरा. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले हे धरण सुमारे २७० फूट उंच आहे. मागे तलाव, तलावाभोवती डोंगर, आणि शेजारी १,६४६ मीटरांचे कळसूबाई. दापोड्याहून कसारा घाट चढून इगतपुरी, तेथून घोटी, आणि घोटीहून उजवीकडे वळून शेंडी गाव. मुले बरोबर असली की चार तास धरावेत. काठावर गावची मंडळी तंबू भाड्याने देतात, पिठले-भाकरीही करून घालतात.

भाचेसूनबाई यादी करायला बसल्या. तेवढ्यात दाजी म्हणाले, “मला धरू नका. रात्री दोनदा उठावं लागतं. नजर कमी झालीय. दोरीत पाय अडकून पडलो, तर तुमची सहल दवाखान्यात व्हायची.”

सूनबाईंनी सहाचा आकडा खोडून पाच केला. कोणी काही बोलले नाही. ताई गप्प, भाचा गप्प, आणि खरे सांगायचे तर मीही गप्प. मनातून जरा सुटल्यासारखेच वाटले. आज हे लिहिताना त्याची लाज वाटते.

तेवढ्यात नातवाने विचारले, “मग तिथं तारे ओळखायचे कुणी?”

“फोन सांगतो ना,” भाचा म्हणाला.

“फोन कशाला?” दाजी एकदम बोलले. “कार्तिकात अंधार पडला की पूर्वेला कृत्तिका बघायच्या, बारीक घोस असतो. मागून रोहिणी, तांबूस. मग मृग, त्याच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण. आणि त्याच्या मागून व्याध आला, की समजायचं रात्र बरीच झाली. खळ्यावर भाताची राखण करताना घड्याळ कुठलं? हेच घड्याळ!”

सगळे ऐकत राहिले. खळे कधीच गेले, शेत गेले; घड्याळ मात्र या माणसाने डोक्यात जपून ठेवले होते. सूनबाईंनी पाच खोडून पुन्हा सहा लिहिला, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग बेतच नव्याने आखला. आपल्याही उपयोगी पडावा म्हणून सांगतो. दाजी आणि ताईसाठी पर्यटन महामंडळाच्या निवासात तळमजल्याची खोली मागायची. न मिळाल्यास गावात पक्के घर. तंबू बाकीच्यांसाठी, आणि तोही सपाट जागी, पाण्यापासून दूर. पैसे देण्यापूर्वी संडास किती अंतरावर आहे आणि रात्री तेथे दिवा असतो का, हे विचारायचे. तारीख कार्तिकी अमावास्येच्या आसपासची, म्हणजे चांदणे आड येणार नाही. दाजींना हातबत्ती, काठी, लोकरीची टोपी आणि औषधांचा डबा. डब्यावर वेळा मोठ्या अक्षरांत. जवळचा दवाखाना कोठे, हे आधीच लिहून ठेवायचे. तलाव खोल आहे, तेव्हा पोहणे बंद. नावेत बसायचे तर तरंगते जाकीट घालूनच. रानातले लाकूड तोडायचे नाही, गाणी मोठ्याने लावायची नाहीत आणि कचरा पिशवीतून घरी आणायचा. धबधब्याची आशा धरायची नाही. धरणातून पाणी सोडलेले असले, तरच तो दिसतो.

परवा घटस्थापनेला दापोड्याला गेलो होतो. अंगणात दाजी जुनी घोंगडी उन्हात झटकत होते. मी म्हटले, “दाजी, तिथं रजया मिळतात.”

“मिळू देत,” ते म्हणाले. “तारे बघायला उताणं पडावं लागतं. खाली काहीतरी नको का?”

शेजारी नातू उताणा पडून सराव करीत होता. दिवसाढवळ्या!